बऱ्या झालेल्या मुलांचा गळा



वसंतातल्या संध्याकाळी कर्करोगाचे नाव काढणे पुष्कळांना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला, आणि तो दुःखाचा म्हणून नव्हे. लहानपणी कर्करोग झाला, त्यातून मूल उठले, शाळेत गेले, नोकरीस लागले, संसारात पडले, अशा माणसांविषयी मला आज बोलावयाचे आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अशी माणसे जगात फारच थोडी होती. बोस्टनच्या सिडनी फार्बर ह्यांनी १९४८ साली रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांना एक नवे औषध देऊन पाहिले. त्यांतल्या १० मुलांना उतार पडला, आणि तोही तात्पुरता. तेवढ्यानेदेखील वैद्यकाच्या जगात खळबळ उडाली, कारण त्यापूर्वी उताराची गोष्टच नव्हती. आज साधनसंपन्न देशांत हाच रोग झालेल्या १०० मुलांपैकी ८० हून अधिक मुले कायमची बरी होतात. आपल्याकडेही, वेळेवर व पुरते उपचार मिळाले, तर बरी होणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे. म्हणजे 'आजारातून उठलेली मुले' नावाचा एक नवाच समाज आपल्या डोळ्यांसमोर तयार झाला आहे. ह्या समाजाच्या गळ्यात एक लहानशी ग्रंथी आहे. तिची गोष्ट ऐकावयास आपण आज जमलो आहोत.

ग्रंथी तुम्हा-आम्हा सर्वांच्याच गळ्यात असते. कंठमण्याच्या थोडे खाली, श्वासनलिकेला पुढून मिठी मारून बसलेली, फुलपाखरासारखी, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची. तिला कोशात अवटु ग्रंथी म्हटले आहे. पण रक्ताची चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेत गेलेला प्रत्येक माणूस आज 'थायरॉईड'च म्हणतो, तेव्हा आपणही तोच शब्द घेऊ. अन्नातले आयोडीन गोळा करून ती एक स्राव बनवते आणि त्या स्रावावर शरीराची सारी धग चालते. गिळताना ती वर जाते व पुन्हा खाली येते. म्हणून गळा तपासताना डॉक्टर पाण्याचा पेला हातात देतात आणि घोट घ्या म्हणतात. तहान लागली असेल म्हणून देत नाहीत!

ह्या ग्रंथीचा स्वभाव असा की मोठ्या माणसाच्या गळ्यावरून क्ष-किरण गेले तर ती फारशी मनावर घेत नाही. पण लहान मुलाच्या गळ्यावरून गेले तर ती ते विसरत नाही. वाढत्या वयात तिच्या पेशी झपाट्याने विभागत असतात आणि त्या घाईत किरणांनी केलेली इजा पेशीच्या पिढ्यांमागून पिढ्यांत उतरत राहते. पाच वर्षांनी, वीस वर्षांनी, क्वचित चाळीस वर्षांनीदेखील तिथे गाठ उभी राहते. मुलगा जितका लहान तितका धोका अधिक, आणि मुलग्यांपेक्षा मुलींना अधिक.

हे शहाणपण आपल्याला कोठून आले, ते जरा सविस्तर सांगतो. कारण ती हकीकत वैद्यकाने स्वतःच्याच चुका मोजून काढल्याची आहे, आणि असे पाहावयास फारसे मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत अशी समजूत होती की तान्ही मुले झोपेत एकाएकी दगावतात, ती छातीच्या हाडामागे असलेली थायमस नावाची ग्रंथी फुगून श्वासनलिका दाबते म्हणून. ही समजूत का झाली? शवविच्छेदनासाठी जी प्रेते मिळत, ती बहुधा गरिबांची, दीर्घ आजाराने व उपासमारीने खंगलेली असत. अशा शरीरात थायमस आक्रसून जाते. डॉक्टरांनी तीच आक्रसलेली ग्रंथी 'योग्य आकाराची' म्हणून पुस्तकात लिहिली! मग खात्यापित्या घरचे एखादे मूल अकस्मात मेले की त्याची ठणठणीत, चांगली मोठी थायमस पाहून म्हणावयाचे, ही पाहा फुगलेली. गरिबाचे माप घेऊन शिवलेला अंगरखा श्रीमंताच्या मुलाला आखूड पडला, ह्यात मुलाचा काय दोष? पण उपाय निघाला: क्ष-किरणांनी ही ग्रंथी लहान करावयाची. १९०७ साली अमेरिकेत सिनसिनाटीला पहिला प्रयोग झाला आणि पुढली चाळीस-पंचेचाळीस वर्षे हजारो निरोगी तान्ह्या मुलांच्या छातीवर व गळ्याखाली किरण सोडण्यात आले. मुले जगत, म्हणून उपाय गुणकारी ठरे. न झालेल्या रोगावरचे औषध नेहमीच गुणकारी ठरते.

१९५० साली न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेरल्ड ह्या दोन डॉक्टरांनी थायरॉईडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलांमध्ये हा रोग अतिशय विरळा. त्या मुलांचे पूर्ववृत्त पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की त्यांतल्या जवळजवळ एकतृतीयांश मुलांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले होते. दोघांनी मोठा गाजावाजा केला नाही. ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे, एवढेच म्हटले. पण धागा हाती लागला होता.

मग इतर धागे सापडू लागले. इस्रायल नवे राष्ट्र झाले तेव्हा उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून आलेल्या निर्वासित कुटुंबांतील मुलांच्या डोक्यातला नायटा घालवण्यासाठी १९६० च्या सुमारापर्यंत क्ष-किरण वापरले गेले. किरण डोक्यावर होते, गळ्यावर नव्हे. गळ्याकडे जे गेले ते बाजूचे शिंतोडे. पण बरुख मोदान ह्यांनी अशा सुमारे ११ हजार मुलांचा पुढे पाठपुरावा केला आणि १९७४ साली दाखवून दिले की तेवढ्या शिंतोड्यांनीही थायरॉईडचा कर्करोग वाढला आहे. त्या लोकांना भरपाई देण्याचा कायदा इस्रायलने १९९४ साली केला. हिरोशिमा व नागासाकी येथील मुलांच्या बाबतीत तेच दिसले होते. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर युक्रेन, बेलारूस व रशियात, किरणोत्सर्गी आयोडीन मिसळलेले दूध प्यालेल्या मुलांत तेच पुन्हा दिसले. २००५ सालापर्यंत तेथे ६ हजारांहून अधिक मुलामाणसांना, म्हणजे अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखाली असलेल्यांना, हा कर्करोग झाल्याची नोंद झाली. आणि त्यांत मृत्यू किती? १५. हे दोन्ही आकडे जोडीने लक्षात ठेवावेत अशी माझी विनंती आहे, कारण माझ्या आजच्या साऱ्या बोलण्याचा गुंता त्या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. रोग होतो हे खरे. आणि रोग झाला तरी बहुतेक माणसे जगतात, हेही तितकेच खरे.

आता कर्करोगातून उठलेल्या मुलांकडे वळू. औषधांनी रक्ताचा कर्करोग हटला तरी तो मेंदूच्या आवरणांत दडून बसे, कारण औषधे तेथवर पोचत नसत. म्हणून १९६० नंतरच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांच्या जोडीला डोक्यावर किरणोपचार दिला, आणि प्रथमच निम्मी मुले कायमची वाचली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला हेन्री कॅपलन हॉजकिनच्या रोगात मान, काखा आणि छाती अशा अंगरख्याच्या आकाराच्या क्षेत्रावर किरण देत होते. ह्या अंगरख्याच्या गळपट्टीत थायरॉईड बरोबर सापडे. मेंदूतल्या काही गाठींसाठी डोके व पाठीचा सारा कणा ह्यांवर किरण द्यावे लागतात; ते कण्यातून पुढे गळ्यापर्यंत येतात. मज्जा बदलण्यापूर्वी कधी कधी सर्वांगावर किरण देतात. आणि न्यूरोब्लास्टोमा ह्या लहान मुलांच्या रोगात किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले एक औषध शिरेतून देतात. त्यातले आयोडीन थायरॉईडने ओढून घेऊ नये म्हणून आधीपासून साधे आयोडीन पाजून तिचे पोट भरून ठेवावे लागते. तरीही थोडे तिच्या वाट्याला जातेच.

ह्या उपचारांना कोणी नावे ठेवील तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. जे मूल वाचले नसते ते चाळिसाव्या वर्षी गळ्यात गाठ घेऊन दवाखान्यात येते, हा व्यवहार तोट्याचा नव्हे. त्या मुलांना त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. रक्ताच्या कर्करोगात डोक्यावरचे किरण आता बहुतेक मुलांना द्यावे लागत नाहीत, ही प्रगती झाली. पण १९७० ते २००० च्या दरम्यान ज्यांना ते दिले गेले ती मुले आज तिशी ते साठीच्या घरात आहेत आणि आपल्या आसपासच वावरत आहेत.

मात्रेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर घरी जाऊन कोणी छातीचा फोटो काढावयासही भिईल. किरणांचे माप 'ग्रे' ह्या एककात घेतात. छातीचा साधा एक्स-रे म्हणजे एका ग्रेचा सुमारे दहाहजारावा भाग. त्याची चिंता सोडून द्या. नायट्याच्या मुलांच्या थायरॉईडला सुमारे ०.०९ ग्रे मिळाले होते. कर्करोगाच्या उपचारात मात्र गळ्याला १०, २०, ४० ग्रे मिळू शकतात. अमेरिकेत हजारो अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवणारा एक अभ्यास १९९४ पासून चालू आहे. त्यातून २००५ साली एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मात्रा वाढत जाते तसा थायरॉईडच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो, तो साधारण २० ते ३० ग्रेपर्यंत. त्यापुढे तो पुन्हा उतरतो! कारण उघड आहे. फार मोठ्या मात्रेने पेशी मरूनच जातात, आणि मेलेल्या पेशीला कर्करोग होत नाही. अर्धवट भाजलेली पेशी घातक. हॉजकिनच्या मुलांना पुढे पुढे कमी मात्रा देऊ लागले. त्यांची हाडे, हृदय, फुप्फुसे वाचली हे उत्तम झाले, पण थायरॉईडचा धोका त्याच मानाने उतरला असे मात्र म्हणता येत नाही. 'मला थोडेसेच किरण दिले होते' एवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये, ते ह्यासाठी. आणि हेही लगेच सांगतो, की गळ्यावर किरण घेतलेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना हा रोग कधीच होत नाही.

तर मग आपल्यापैकी कोणीही म्हणेल, ह्यात अवघड ते काय? धोका कोणाला आहे हे ठाऊक, गळा हाताशी, सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावी आलेले. करा सर्वांची दरवर्षी सोनोग्राफी आणि व्हा मोकळे. येथेच थांबले पाहिजे.

थायरॉईडचा कर्करोग हा एक चमत्कारिक प्राणी आहे. फिनलंडमध्ये १९८५ साली इतर कारणांनी मेलेल्या माणसांच्या थायरॉईडचे बारीक काप करून पाहिले, तेव्हा सुमारे एकतृतीयांश लोकांत ह्या कर्करोगाचे बारीक कण सापडले. त्या माणसांना ते जन्मभर कळलेही नव्हते. म्हणजे शोधू जाल तर सापडणार. आणि सापडले की ते गप्प बसू देत नाही. दक्षिण कोरियात काय झाले ते पाहा. १९९९ साली तेथे सरकारने इतर काही कर्करोगांसाठी तपासणीची योजना काढली. थायरॉईडचे नाव तीत नव्हते. पण रुग्णालयांनी अल्प शुल्कात गळ्याची सोनोग्राफीही जोडून दिली आणि लोकांनी हौसेने करून घेतली. २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. एका वर्षात ४० हजारांहून अधिक रोगी! आणि त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या? ती होती तेथेच राहिली. ह्याचा अर्थ असा की मृत्यू टळले नाहीत, फक्त रोगी वाढले. जवळजवळ सगळ्यांची शस्त्रक्रिया झाली. थायरॉईड काढली की रोज सकाळी एक गोळी जन्मभर घ्यावी लागते; हे चालवून घेता येईल. पण तिच्या पाठीशी तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांना इजा झाली तर रक्तातले कॅल्शियम उतरते आणि हातपाय वळतात. कोरियात शंभरांतल्या अकरांच्या वाट्याला हे आले. शेजारून आवाजाची नस जाते. ती शंभरांत दोघांची दुखावली. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीर पत्रक काढून हे थांबवा म्हटले, तेव्हा कोठे वर्षभरात शस्त्रक्रिया एकतृतीयांशाने कमी झाल्या. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणजे काय, ते ह्याहून स्पष्ट दाखवता येणार नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ मंडळाने २०१७ साली, कोणतीही लक्षणे नसलेल्या सर्वसाधारण माणसांच्या थायरॉईडची अशी तपासणी करू नये, असाच निर्वाळा दिला.

पण त्याच मंडळाने लहानपणी गळ्यावर किरण घेतलेली माणसे त्या निर्वाळ्यातून वगळली आहेत. ह्यांच्या भुईत साप खरोखरच असण्याचा संभव आहे. शिकागोच्या मायकेल रीस रुग्णालयाने, टॉन्सिल्स आक्रसावेत म्हणून लहानपणी किरण दिलेल्या ५ हजारांहून अधिक माणसांना १९७४ पासून शोधून काढून परत बोलावले. (आपण दिलेल्या उपचाराचा रोगी तीस वर्षांनी स्वतः शोधून काढणे, हे काम साधे नव्हे, त्या रुग्णालयाचे मला कौतुक वाटते.) तपासलेल्या पहिल्या हजारभर लोकांत चौथ्या हिश्शाहून अधिकांच्या थायरॉईडमध्ये दोष दिसला, आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतल्या तिसऱ्या हिश्शात कर्करोग निघाला. एकाने ही बातमी वाचून म्हणावे, बरे झाले, शोधले म्हणून सापडला. दुसऱ्याने म्हणावे, तिघांतल्या दोघांचा गळा उगाच कापला. दोघेही बरोबर आहेत.

ह्या कोड्याला हात घालण्यासाठी निरनिराळ्या देशांतले तज्ज्ञ एकत्र बसले आणि २०१८ साली त्यांनी आपले म्हणणे मांडले. तपासणीने जीव वाचतात असा निर्विवाद पुरावा त्यांना सापडला नाही. अपाय होतो ह्याचा पुरावा मात्र होता. म्हणून त्यांनी सरसकट हुकूम काढला नाही. ज्यांच्या थायरॉईडला किरण लागले आहेत त्या प्रत्येकाला डॉक्टरने समोर बसवून दोन्ही बाजू सांगाव्यात आणि दोघांनी मिळून ठरवावे, असे ते म्हणाले. तपासणी करावयाची ठरली, तर दोन मार्ग. एक, दर एक-दोन वर्षांनी जाणत्या डॉक्टरने हाताने गळा चाचपून पाहावा. किंवा दुसरा, दर तीन ते पाच वर्षांनी सोनोग्राफी करावी. आरंभ किरणोपचारानंतर पाच वर्षांनी.

काही जणांना ही पळवाट वाटते. डॉक्टरने काय ते सांगावे, रोग्यावर का टाकावे? मला ती पळवाट वाटत नाही. हाताला साधारणपणे एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ लागत नाही, आणि किरणांनी घट्ट झालेल्या मानेत तर मोठीही चुकते. उलट सोनोग्राफीला दोन-तीन मिलिमीटरचा ठिपकाही दिसतो, आणि तो एकदा कागदावर उमटला की घरातल्या कोणाला झोप लागत नाही. ज्या आईबापांनी एकदा मुलाच्या खाटेपाशी रात्री काढल्या आहेत, त्यांचे तोंड दुधाने पोळलेले आहे; ती ताकही फुंकूनच पिणार. त्यांना 'तीन मिलिमीटरची गाठ आहे, पण काही करू नका' हे सांगणे किती कठीण आहे, ते डॉक्टरालाच ठाऊक. कोणाला न कळण्याची भीती अधिक छळते, कोणाला कळण्याची. ही निवड माणसाच्या स्वभावावर अवलंबून आहे, आणि स्वभाव समितीला ठरवता येत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर प्रत्येकाच्या गळ्यावर वर्षातून एकदा एकाच डॉक्टरचा हात फिरावा. तोच हात दरवर्षी, कारण गेल्या वर्षी काय लागले होते ते त्याच हाताला आठवते. सोनोग्राफी करावयाची तर थायरॉईड पाहण्याचा ज्याला सराव आहे त्याच्याकडे करावी आणि लहानसहान ठिपक्याला सुई लावण्याची घाई करू नये. अमेरिकेतील थायरॉईड तज्ज्ञांच्या २०१५ सालच्या मार्गदर्शनातही सर्वसाधारणपणे एक सेंटिमीटरखालच्या गाठीत सुई घालू नये, असेच आहे. शेजारच्या लसीकाग्रंथी संशयास्पद असतील तर गोष्ट वेगळी. आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर जो शल्यविशारद ह्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे करतो त्याच्याकडेच जावे. आवाजाची नस आणि त्या चार दाणे-ग्रंथी वाचतात त्या सरावानेच. मीठ आयोडीनचे खाल्ले तर हे टळेल का, असा प्रश्न पुष्कळ वेळा येतो. आयोडीनच्या मिठाने हिमालयाच्या पायथ्याचा गलगंड हटला, ते मीठ अवश्य खावे. पण किरणांनी झालेली इजा त्याने पुसली जात नाही.

पण ह्या साऱ्या चर्चेला एक गोष्ट आधी लागते, आणि आपल्याकडे नेमके तिथेच अडते. आपल्यावर कोणते उपचार झाले, हे त्या माणसाला माहीतच नसते. मूल चार वर्षांचे असताना मुंबईला नेले. दीड वर्ष परळला धर्मशाळेत काढले. बरे होऊन गावी परतले. पुढे घरात तो विषय निघत नाही. शाळेत 'लहानपणी मोठा ताप आला होता' म्हणून सांगतात. मुलगी असेल तर बोलावयासच नको. लग्न ठरण्याच्या वेळी अडचण नको म्हणून केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, सारे ट्रंकेच्या तळाशी, कधी चुलीत. आईबापांना मी दोष देत नाही. समाज कसा आहे ते त्यांना आपल्याहून चांगले ठाऊक असते. पण ती मुलगी तिसाव्या वर्षी गळ्याशी गाठ घेऊन गावच्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा तो तिला शेजारणीसारखीच एक समजतो. शेजारणीच्या गाठीकडे थोडे थांबून पाहणे शहाणपणाचे. हिच्या गाठीकडे त्याच नजरेने पाहणे धोक्याचे. दोन बायका, एकसारखी गाठ, आणि फरक फक्त एका कागदाचा. तो कागद जाळलेला असतो.

म्हणून सभेतल्या ज्या कोणाच्या घरी, नात्यात, शेजारी असे मूल असेल, त्यांनी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून त्या मुलाच्या हाती द्यावीत: रोग कोणता होता, किरण दिले का व शरीराच्या कोणत्या भागावर, आणि मात्रा किती. कागद हरवला असेल, तर ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथे नोंदणी क्रमांक सांगून विचारावे. क्रमांकही नसेल, तर नाव आणि साल सांगून विचारावे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार पुरे झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून निराळा दवाखाना चालतो. तो रोग्यांचा नव्हे, बऱ्या झालेल्यांचा. तेथे वर्षातून एकदा जावयाचे. गावाहून जाण्याचा खर्च, बुडालेला रोज, हे मी जाणतो. पण एकदा जाऊन उपचारांचा गोषवारा लिहून आणला, तर पुढली चाचपणी गावच्या डॉक्टरलाही करता येते. मुलाला केव्हा सांगावे? माझ्या मते सोळा-सतरा वर्षांचा झाला की सांगावे, आणि लग्नाच्या बोलण्यापूर्वी तर नक्कीच. ज्या घरात हे लपवून सोयरीक करावी लागते, तेथे पुढे दरवर्षी गळा दाखवावयास कोणत्या निमित्ताने जाणार?

जाता जाता आणखी एक, आणि व्यवहारात हेच अधिक उपयोगी पडेल. किरण लागलेल्या थायरॉईडमध्ये कर्करोगापेक्षा ती मंदावण्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. माणूस थकतो, अंग जड होते, थंडी वाजते, केस गळतात, मुलगा अभ्यासात मागे पडतो, मुलीची पाळी बिघडते. आणि घरचे म्हणतात, एवढ्या मोठ्या आजारातून उठला आहे, अशक्तपणा राहणारच. तो अशक्तपणा नसतो. वर्षातून एकदा रक्तातले टीएसएच पाहिले की ते कळते, आणि एका लहानशा गोळीने तो सारा मंदपणा उतरतो. ह्या तपासणीला कोरियाचा धडा लागू नाही. तिच्यात कापाकापी नाही आणि शंकाही नाही. दिवस राहिलेल्या मुलीने तर ती पहिल्या महिन्यातच करून घ्यावी, कारण गर्भाच्या मेंदूची सुरुवातीची वाढ आईच्याच थायरॉईडवर चालते. सुईण, नर्स, डॉक्टर, जो कोणी पहिल्यांदा तिला तपासील, त्याला तिने आपण होऊन सांगावे की लहानपणी माझ्या गळ्यावर किरण दिले होते.

हे किती वर्षे करावयाचे, असे आताच पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी चिठ्ठीवर लिहून पाठवले आहे. हिरोशिमाच्या मुलांत पन्नास वर्षांनंतरही हा धोका पुरता ओसरलेला नव्हता. तेव्हा अमुक वयाला थांबावे, असे मला सांगता येत नाही. साठीतही वर्षातून एकदा पाण्याचा पेला घेऊन डॉक्टरपुढे बसावे. बाकीच्या चिठ्ठ्या अध्यक्षांकडे आहेत. मी त्या चिठ्ठ्यांकडे वळतो.